कोलार सुवर्णक्षेत्र : बंगळुरूच्या आधी उजळलेले, आता बंगळुरूवर विसंबलेले नगर

बंगळुरू : कर्नाटकच्या राजधानीच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर वसलेल्या कोलार सुवर्णक्षेत्रात, म्हणजेच ‘केजीएफ’मध्ये, १९०२ साली विजेचे दिवे लागले. बंगळुरूच्या रस्त्यांवर वीज येण्यास त्यानंतर तीन वर्षे लागली. आज याच नगरातील हजारो रहिवासी रोज पहाटे मारिकुप्पम येथून सुटणाऱ्या रेल्वेगाडीने रोजगारासाठी बंगळुरू गाठतात आणि रात्री परततात. सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. खाणीवर उभे राहिलेले नगर मात्र तेथेच राहिले आणि त्याच्या भवितव्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

कोलारचा प्रदेश मराठी इतिहासालाही परिचित आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीने शहाजीराजे भोसले यांना दिलेल्या जहागिरीत बंगळुरूसह कोलारचा समावेश होता. या भागात सोने सापडते, ही माहिती स्थानिकांना पूर्वापार होती. लेफ्टनंट जॉन वॉरन यांनी १८०२ मध्ये येथील सोन्याविषयी चौकशी केली होती. आधुनिक खाणकामाचा प्रारंभ झाला तो बंगळुरूत स्थायिक झालेले निवृत्त सैनिक मायकेल लॅव्हेल यांच्या प्रयत्नांतून. १८७० च्या दशकात त्यांनी म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला. बंगळुरूतील लॅव्हेल रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुरेशा भांडवलाअभावी त्यांना यश आले नाही. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने व्यवस्थापन हाती घेतले आणि चॅम्पियन रीफ, म्हैसूर, नंदीदुर्ग, ऊरगाम या खाणी भरभराटीला आल्या.

खाणींच्या गरजेतून नगराची उभारणी झाली. बंगारपेटहून येथवर लोहमार्ग आला. शिवनसमुद्र येथे कावेरीच्या प्रवाहावर म्हैसूर संस्थानाने उभारलेल्या जलविद्युत केंद्रातून सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या वाहिनीद्वारे वीज आणण्यात आली. त्या काळी इतक्या लांबीची वाहिनी जगात दुर्मीळ होती. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी बंगले, क्लब व गोल्फचे मैदान उभे राहिले आणि या परिसरास ‘छोटे इंग्लंड’ म्हटले जाऊ लागले. ब्रिटिश रेसिडेंटच्या नावावरून ओळखले जाणारे रॉबर्टसनपेट ही आखीव वस्ती विसाव्या शतकाच्या प्रारंभी वसली.

या वैभवाची दुसरी बाजू कामगारांच्या ‘लाइन’मध्ये होती. उत्तर अर्काट व चित्तूर परिसरातून आलेली, प्रामुख्याने तमिळ भाषक दलित कुटुंबे तट्ट्यांच्या झोपड्यांत आणि पुढे एकेका खोलीच्या चाळवजा घरांत राहिली. चॅम्पियन रीफची खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली व जगातील सर्वांत खोल खाणींमध्ये तिची गणना झाली. त्या खोलीवर खडकाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर असे. दाबामुळे खडक अकस्मात फुटून अपघात होत, तर दगडाच्या धुळीमुळे कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य आजार जडत असे. या परिस्थितीतून जागृत कामगार चळवळ उभी राहिली. आंबेडकरी विचारही येथे खोलवर रुजला आणि रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार या मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले.

विज्ञानाच्या इतिहासातही या खाणींना स्थान आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसमवेत येथे भूगर्भात दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर प्रयोग केले. वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची १९६५ मध्ये झालेली नोंद ही जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी एक ठरली.

ऱ्हासाची कारणे एकाहून अधिक होती. प्रारंभीच्या काळात एक टन खनिजातून ४० ग्रॅमहून अधिक सोने मिळत असे. अखेरच्या दशकांत हे प्रमाण चार ग्रॅमच्याही खाली आले. खोली वाढली तसा हवा खेळवण्याचा, पाणी उपसण्याचा आणि खनिज वर आणण्याचा खर्चही वाढला. म्हैसूर सरकारने १९५६ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. दीर्घकाळ येथील सोने देशातील बाजारभावापेक्षा कमी असलेल्या आंतरराष्ट्रीय दराने सरकारला द्यावे लागल्याने तोटा फुगत गेला. अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणींचे काम थांबले. तोवर १२० वर्षांत येथून ८०० टनांहून अधिक सोने निघाले होते.

बंदीनंतर तीन हजारांहून अधिक कामगार घरी बसले. पाणी उपसणारे पंप थांबले आणि भुयारे पाण्याने भरली. खाण कंपनीचे नावाजलेले रुग्णालय बंद पडले. अधिकाऱ्यांचे बंगले ओस पडले, विहिरींवरील पोलादी मनोरे गंजले. कामगारांच्या ‘लाइन’मध्ये मात्र अनेक कुटुंबे राहत आहेत. थकीत देणी आणि घरांची मालकी यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयाचे व सरकारचे दरवाजे ठोठावले. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, तेव्हा जमिनीला मोल होते आणि तेथे मनोरे उभे राहिले. कोलारच्या ओसाड जमिनीकडे तसा ओघ वळला नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या बीईएमएल या सार्वजनिक कंपनीचा कारखाना येथे आहे. परंतु खाणींनी दिलेला रोजगार भरून काढण्याची त्याची क्षमता नाही.

खनिजातून सोने वेगळे केल्यावर उरलेल्या, सायनाइडची प्रक्रिया झालेल्या भुकटीच्या टेकड्या ही या नगराची ठळक खूण आहे. वाऱ्याबरोबर ही धूळ वस्त्यांमध्ये पसरते, अशी रहिवाशांची जुनी तक्रार आहे. अशा १३ टेकड्यांमध्ये सुमारे ३.३ कोटी टन भुकटी असून, तीत अल्प प्रमाणात सोने शिल्लक आहे. त्यातून सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली. स्थानिकांना रोजगार मिळावा, ही त्यामागील एक अपेक्षा आहे.

‘केजीएफ’ या नावाच्या कन्नड चित्रपटांनी २०१८ नंतर हे नाव देशभर पोहोचवले. त्यांची कथा काल्पनिक आहे. खऱ्या केजीएफमध्ये सोने काढणाऱ्यांची तिसरी-चौथी पिढी आज बंगळुरूच्या कारखान्यांत, दुकानांत आणि कार्यालयांत राबते आहे. आजोबा खाणीत उतरत असत, तेच घर आपल्या नावावर कधी होणार, हा त्यांच्यापैकी अनेकांचा प्रश्न आहे.