‘नॉर्मल’ रिपोर्ट किती भरवशाचा? धाराशिवच्या गावांनी दिलेलं उत्तर

“डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे ना?” हा प्रश्न तुम्हीही कधीतरी विचारला असेल. पण तो ‘नॉर्मल’ किती भरवशाचा, हे कसं ठरवतात?

१९४७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयरोग शोधायला कोणत्या प्रकारची एक्स-रे फिल्म चांगली, हे पाहायचं होतं. १,२५६ जणांच्या छातीच्या फिल्म ५ डॉक्टरांनी वाचल्या. फिल्मच्या प्रकारांपेक्षा वाचणाऱ्यांच्या मतांतच जास्त फरक निघाला. तीच फिल्म पुन्हा दाखवली, तर काही वेळा त्याच डॉक्टरांचं मत बदललं! एक्स-रे असो की काचपट्टीवरच्या पेशी, अर्थ लावतो तो शेवटी माणूसच.

आता आपल्याकडे येऊ. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ समूह आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या.

एका गटात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का, हे प्रशिक्षित आरोग्यसेविका डोळ्यांनी पाहायच्या. दुसऱ्या गटात पॅप तपासणी, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं. तिसऱ्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी. तिचा निकाल यंत्र देतं. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा.

वाचनात दोन प्रकारच्या चुका होतात. निरोगी बाईला ‘दोष आहे’ म्हणणं ही पहिली. डोळ्यांच्या तपासणीत १४ टक्के स्त्रियांमध्ये दोष दिसला, पॅपमध्ये ७ टक्के. पण कॅन्सरआधीचे गंभीर बदल सापडले अनुक्रमे ०.७ आणि १ टक्का स्त्रियांमध्ये. म्हणजे अनेकींना नाहक घोर लागला.

दुसरी चूक जास्त घातक: आजार असताना ‘नॉर्मल’ म्हणणं. ती लगेच कळत नाही, म्हणून ८ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्ही चाचणीत ‘नॉर्मल’ ठरलेल्यांच्या तुलनेत, डोळ्यांच्या किंवा पॅप तपासणीत ‘नॉर्मल’ ठरलेल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण चार पटींहून अधिक निघालं.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या कॅन्सरचे मृत्यू एचपीव्ही गटात ३४, पॅप गटात ५४, डोळ्यांच्या तपासणीच्या गटात ५६ आणि चौथ्या गटात ६४. एचपीव्ही गटातली घट ठळक होती. बाकी दोन गटांतली संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आज जगभर वापरलं जाणारं हे ज्ञान त्या बायकांच्या जिवावर उभं आहे.

म्हणून लक्षात ठेवा: रिपोर्ट हे मत असतं, त्याला चुकीची शक्यता असते. शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरं जात असेल, तर जुना ‘नॉर्मल’ रिपोर्ट बाजूला ठेवा आणि पुन्हा तपासून घ्या. आणि तिशी ओलांडली असेल, तर काही त्रास नसतानाही एचपीव्ही चाचणीबद्दल तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.