दारिद्र्यरेषा आणि पिवळे कार्ड : दोन वेगळे हिशेब

विंचूरच्या वस्तीत रेशनकार्डाचे अर्ज भरताना आम्हाला हमखास विचारले जाते, "आमचं नाव दारिद्र्यरेषेत का नाही?" खरे तर दारिद्र्यरेषेत कोणाचेच नाव नसते. देशाची गरिबी मोजण्यासाठी निवडक घरांचे सर्वेक्षण होते आणि त्यावरून फक्त टक्केवारी निघते. गरीब कुटुंबांची यादी हे वेगळे काम आहे.

ही टक्केवारी रेषा कुठे ओढली यावर ठरते. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोज माणशी २२५० उष्मांकांचा आधार घेतला. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची रेषा माणशी दरमहा ८१६ नव्हे (तो देशाचा आकडा), तर ९६७ रुपये खर्च अशी ठरली. त्याखाली ग्रामीण महाराष्ट्रातील २४.२२ टक्के लोक होते. रंगराजन समितीने २०१४ मध्ये रेषा वर नेली आणि त्याच वर्षासाठी देशातील गरीब २१.९ वरून २९.५ टक्के झाले. माणसे तीच होती.

आता कार्डाकडे येऊ. ९६७ रुपयांप्रमाणे पाच जणांच्या घराची वार्षिक रेषा ५८,०२० रुपये होते, तीही २०११-१२ च्या भावाने. पिवळ्या कार्डासाठी ठरलेली मर्यादा मात्र अख्ख्या कुटुंबाला वर्षाला १५,००० रुपये. अन्न सुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबासाठी ठरलेली ग्रामीण मर्यादा ४४,००० रुपये. म्हणजे सरकारच्याच रेषेने गरीब असलेले घर सरकारच्याच कार्डासाठी 'श्रीमंत' ठरू शकते!

आणखी एक गोष्ट. सर्वेक्षण खर्च विचारते, तहसीलचा दाखला उत्पन्न. कांद्याच्या खळ्यावर निवडणी करणाऱ्या बाईला हंगामात रोज काम असते, नंतर कित्येक दिवस रिकामे. हंगामातल्या मजुरीला बारा महिन्यांनी गुणले की तिचा दाखला फुगतो. आम्ही अर्जासोबत कामाचे दिवस महिनावार लिहून देतो.

नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक तर खर्च विचारतच नाही. आरोग्य, शिक्षण, राहणीमानाचे १२ निकष पाहतो. त्यात २०१९-२१ साठी महाराष्ट्र ७.८१ टक्के. बँक खाते हा एक निकष आहे. खात्यात शिल्लक किती, हे कोणी विचारत नाही. ग्रामसभेत हा आकडा कोणी पुढे केला, तर कार्यकर्त्यांनी ५८,०२० आणि १५,००० हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडावेत.