मोटारगाडीची निवड, सोयी व पर्याय

नवी प्रवासी मोटारगाडी विकत घेताना तिच्यातील कोणती सामग्री आवश्यक मानावयाची आणि कोणती वैकल्पिक, हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मात्र काळानुसार व देशानुसार बदलत गेले. ज्या वस्तूंवाचून आज मोटारगाडीची कल्पनाही करता येत नाही, त्यांतील पुष्कळशा आरंभी वेगळे पैसे देऊन बसवून घ्याव्या लागत. भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. स्वातंत्र्योत्तर काळात सु. तीस वर्षे येथील ग्राहकाला खरी निवड जवळजवळ नव्हतीच. भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे मूळचे सोलापूरचे. या इतिहासाचा पुष्कळसा भाग त्यांच्या उद्योगाच्या आणि सोलापूरसारख्या कोरड्या, उष्ण जिल्ह्याच्या गरजांच्या आधारे मांडता येतो.

आरंभीची सामग्री : पहिल्या मोटारगाड्या पुढील बाजूस दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. दांडा उलट फिरल्यास मनगट मोडण्याचा धोका असे. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विद्युत् चालक १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीवर बसविण्यात आला आणि थोड्याच वर्षांत तो चैनीच्या यादीतून गरजेच्या यादीत गेला. जादा चाकाची हकीकतही अशीच आहे. आरंभीच्या गाड्यांबरोबर असे चाक मिळत नसे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली येथील स्टेपनी स्ट्रीटवरील एका कारखान्याने पंक्चर झालेल्या चाकावर तात्पुरते अडकविण्याचे चाक विकण्यास सुरुवात केली. मूळ उत्पादन केव्हाच लोपले. परंतु ‘स्टेपनी’ हा शब्द मराठी बोलीत आजही जादा चाकासाठी रूढ आहे. सामानाच्या कप्प्यासाठी रूढ असलेला ‘डिकी’ हा शब्दही अशाच जुन्या गाड्यांच्या मागील उघड्या आसनावरून आला आहे.

हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी (१९०८–२७) एकाच साच्याची, आणि १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगाची होती. याच्या उलट जनरल मोटर्स कंपनीने विविध किंमतींच्या, विविध रंगांच्या व दरवर्षी बदलणाऱ्या गाड्या देण्याचे धोरण स्वीकारले. ग्राहकाच्या निवडीचा व्यापारी उपयोग खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला. या दोन्ही कंपन्यांनी १९२० नंतरच्या दशकात भारतात जुळणीचे कारखाने काढले. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये मुंबईत निघाला. गाड्यांचे भाग परदेशातून येत. येथे फक्त त्यांची जुळणी होई.

वालचंद हिराचंद व कुर्ल्याचा कारखाना : वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे कापसाचा व्यापार व सावकारी करणाऱ्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. रेल्वेची कंत्राटे, बांधकाम, जहाजवाहतूक व साखर या क्षेत्रांत नाव मिळविल्यावर त्यांनी मोटारनिर्मितीकडे लक्ष वळविले. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी या उद्योगाची योजना आधीच मांडली होती. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी झालेली बोलणी फिसकटली; क्रायस्लर कंपनीशी मात्र १९४० मध्ये करार झाला. युद्धकार्यास अत्यावश्यक नाही, या सबबीवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने योजनेस पाठिंबा नाकारला. लष्करासाठी मोटारींची निकड असतानाच हा नकार देण्यात आला, हे लक्षात घेता सबब फारशी पटण्यासारखी नाही. अखेर १९४४ मध्ये ‘प्रीमिअर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना मुंबईतील कुर्ला येथे उभा राहिला. बिर्ला समूहाची ‘हिंदुस्थान मोटर्स’ ही कंपनी १९४२ मध्येच स्थापन झाली होती.

कुर्ल्याला प्रथम क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ व डी सोटो या नावांच्या गाड्या निघत. तीन नावे असली, तरी त्यांत बराचसा फरक पुढील जाळी, चिन्हे व सजावट एवढाच असे. पर्याय म्हणून विकले जाते ते पुष्कळदा नाव असते, ही गोष्ट भारतीय ग्राहकाला अशी पहिल्याच दिवसांत दिसली. या गाड्या मोठ्या व पेट्रोल फार खाणाऱ्या होत्या. त्यामुळे कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून लहान गाड्या काढण्यास सुरुवात केली. १९५४ च्या सुमारास आलेल्या ‘फियाट ११००’ या गाडीला महाराष्ट्रात तिच्या गोलसर, पुढे निमुळत्या आकारामुळे ‘डुक्कर फियाट’ असे नाव पडले. तिचे पुढचे दरवाजे मागील कडेला बिजागऱ्या असलेले, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध उघडणारे होते. चालत्या गाडीत खिटी सुटल्यास असा दरवाजा वाऱ्याने उघडून फेकला जाई. पुढील प्रतिमानांत ही रचना सोडून देण्यात आली.

निवडीवाचूनची दशके : जकात आयोगाच्या १९५३ मधील शिफारशींनुसार ज्यांच्याकडे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नव्हता, अशा केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना भारतातून निघावे लागले. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी १९५४ च्या सुमारास येथील काम बंद केले. त्याच वर्षी, म्हणजे १९५३ च्या एप्रिलमध्ये, वालचंद यांचे निधन झाले व कंपनीची धुरा त्यांचे बंधू लालचंद हिराचंद यांच्याकडे गेली. यानंतर प्रवासी गाड्यांच्या बाजारात मुख्यतः तीनच नावे उरली : अँबॅसडर, फियाट (१९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’) आणि मद्रासची स्टँडर्ड. १९५९ च्या आदेशाने गाड्यांचे वितरण व विक्री नियंत्रित झाली आणि १९६९ मध्ये किंमतीही शासनाने ठरविल्या. त्यांवरील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९७१ मध्ये त्याचा निर्णय झाला. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नोंदणीची गाडी हाती आल्यावर लगेच विकली, तर मूळ किंमतीहून अधिक पैसे मिळत.

अशा बाजारात ‘आवश्यक सोयी’ या शब्दांचा अर्थच निराळा होता. पद्मिनीचे एंजिन १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे होते. गिअरचा दांडा सुकाणू चक्राखाली असल्याने पुढील आसन सलग बाकासारखे असे आणि तेथे दोघांऐवजी तिघे बसत. मोठ्या कुटुंबाला ही सोय रेडिओपेक्षा मोलाची वाटे. अँबॅसडरचे महत्त्व मागील आसनाची ऐसपैस जागा, जमिनीपासूनची उंची आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी होणारी दुरुस्ती यांत होते. स्टँडर्ड हेरल्ड प्रथम दोन दरवाज्यांची होती. भारतीय ग्राहकासाठी तिला पुढे चार दरवाजे देण्यात आले. डाव्या बाजूचा आरसा, संगीताचे यंत्र, आसनांचे आच्छादन व पुष्कळदा पंखाही बाजारातून बसवून घेत. मोटारसामानाच्या दुकानांचा व गॅरेजवाल्या मिस्त्रींचा व्यवसाय या उणिवांवरच वाढला, असे म्हणता येईल.

मारुती व त्यानंतर : मारुती उद्योग व जपानची सुझुकी कंपनी यांच्यात १९८२ मध्ये करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली ‘मारुती ८००’ ग्राहकाच्या हाती देण्यात आली. तिची किंमत सु. ४७,५०० रु. होती. ७९६ घ. सेंमी.चे तीन सिलिंडरांचे एंजिन, पुढील चाकांना मिळणारी शक्ती, हलके सुकाणू आणि कमी इंधन या गुणांमुळे जुन्या गाड्या एकदम जुनाट दिसू लागल्या. पुढे वातानुकूलित व साधी असे तिचे प्रकार मिळू लागले. एकाच गाडीचे सामग्रीनुसार भिन्न उपप्रकार विकण्याची पद्धत भारतात येथून रुजली. प्रीमिअरने १९८५ मध्ये निसानच्या एंजिनावर चालणारी ‘११८ एन ई’ ही गाडी काढली व १९९४ पासून फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने कल्याण येथे उत्पादन केले. परंतु कंपनीचे पूर्वीचे स्थान टिकले नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले होते.

१९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवानापद्धती रद्द झाली. यानंतर अनेक विदेशी कंपन्या आल्या आणि १९९८ च्या अखेरीस टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून ‘इंडिका’ ही देशी आराखड्याची गाडी बाहेर पडली. तिचे डीझेल एंजिन लांबच्या प्रवासाला स्वस्त पडे. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील भाड्याच्या गाड्यांत तिने लवकरच जागा मिळविली. आवश्यक काय, या प्रश्नाला सर्वांत कठोर उत्तर याच समूहाच्या ‘नॅनो’ या गाडीने (२००९) दिले. एकच वायपर, चाकाला तीनच नटबोल्ट आणि मूळ प्रतिमानात बाहेरून न उघडणारी डिकी अशी काटकसर करून किंमत उतरविण्यात आली होती. गाडी गाजली, पण ‘सर्वांत स्वस्त’ हीच ओळख ग्राहकाला नकोशी वाटली, असे तिच्या पुढील विक्रीवरून दिसते.

करआकारणीनेही गाड्यांचे रूप ठरविले. २००६ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व लहान एंजिनाच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. त्यामुळे डिकीची शेपटी छाटलेल्या गाड्यांचा एक नवाच वर्ग तयार झाला. वस्तू व सेवा कराच्या सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेतही (लहान गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के) ही सीमा कायम राहिली आहे.

सुरक्षितता : निवडीचा खरा कस येथे लागतो. तीन बिंदूंवर बांधला जाणारा आसनपट्टा स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील निल्स बोलीन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. भारतात पुढील आसनांना पट्टे बसविणे १९९४ पासून आवश्यक झाले, म्हणजे मध्ये पस्तीस वर्षे गेली. चाके न अडकता गाडी थांबविणारी रोधक यंत्रणा व हवापिशव्या यांबाबत आणखी विलंब झाला. दीर्घकाळ या वस्तू केवळ महागड्या उपप्रकारात, मिश्रधातूची चाके, ध्वनियंत्रणा व चामडी आच्छादने यांच्याबरोबर एकाच गठ्ठ्यात मिळत. ज्याला हवापिशवी हवी, त्याला न मागितलेली सजावटही विकत घ्यावी लागे. ज्याची ऐपत तेवढी नसे, त्याला दोन्ही सोडावी लागत. अशा व्यवहाराला निवडस्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे.

२०१४ च्या जानेवारीत ‘ग्लोबल एन्‌कॅप’ या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांच्या हवापिशव्यांवाचूनच्या प्रतिमानांची ताशी ६४ किमी. वेगाने टक्कर-चाचणी घेतली. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाबाबत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांपैकी एका गाडीची दोन हवापिशव्यांसह पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. तथापि केवळ हवापिशव्या पुरेशा नसतात. काही गाड्यांचा सांगाडाच टकरीत दुमडला होता व तेथे पिशवी फुगूनही उपयोग मर्यादितच झाला असता. यानंतर नियम कडक होत गेले. नव्या प्रतिमानांना रोधक यंत्रणा एप्रिल २०१८ पासून व सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून, चालकाची हवापिशवी, पट्ट्याची सूचना देणारी घंटी व मागे घेतानाचे संवेदक जुलै २०१९ पासून, तर पुढील दुसऱ्या आसनाची हवापिशवी नव्या प्रतिमानांना एप्रिल २०२१ पासून आवश्यक ठरली. सहा हवापिशव्यांची सक्ती करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला; पण ती झाली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एन्‌कॅप’ ही देशी तारांकन पद्धती लागू झाली असून तीत भाग घेणे उत्पादकाच्या इच्छेवर आहे.

सोलापूरच्या गरजा : सोलापूर येथे एप्रिल-मे महिन्यांत तपमान ४०° से. च्या वर जाते. त्यामुळे वातानुकूलन येथे चैन राहिलेली नाही. जुन्या गाड्यांचे पाणी उकळून त्या वाटेत उभ्या राहत, हे अनुभवी चालक जाणतात. जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते व कच्च्या रस्त्यावर जमिनीपासूनची उंची उपयोगी पडते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री मागील दिव्यांवाचून रस्त्यावर आढळतात. पुणे-सोलापूर-हैदराबाद या आता चौपदरी असलेल्या महामार्गावरून येणारी वेगवान गाडी अशा ट्रॉलीवर आदळल्याचे अपघात घडत आले आहेत. येथे उत्तम पुढील दिवे व रोधक यांना छतावरील काचेच्या खिडकीपेक्षा अर्थातच अग्रक्रम द्यावा लागतो.

इंधनाचा प्रश्नही स्थलसापेक्ष होता. उत्प्रेरकी परिवर्तक बसविलेल्या गाड्या १९९५ पासून चार महानगरांत आवश्यक झाल्या. त्यांना शिसेविरहित पेट्रोल लागे आणि शिसेयुक्त पेट्रोलाने परिवर्तक निकामी होई. महानगरांबाहेर असे पेट्रोल सर्वत्र मिळू लागेपर्यंत २००० साल उजाडले. तोवर मुंबईत घेतलेली नवी गाडी सोलापूरकडे आणणाऱ्यास वाटेतील पंपांची चौकशी करणे भाग पडे. आज हाच विचार विजेच्या गाड्यांबाबत, भारणकेंद्रांच्या अंतराच्या रूपाने करावा लागतो. पुणे सोलापूरपासून सु. २५० किमी. दूर आहे, जाहीर केलेला पल्ला उन्हाळ्यात वातानुकूलन चालू ठेवल्यास कमी भरतो, हे गाडी निवडताना हिशेबात घ्यावे लागते.

२०२० च्या नियमदुरुस्तीनुसार नळीविरहित टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीत जादा चाक देण्याचे बंधन उरलेले नाही. विजेच्या गाड्यांत त्या जागी विद्युत्‌घट ठेवता येतो. वेड्या बाभळीचे काटे पडलेल्या गावरस्त्यांवरून नित्य जाणारा ग्राहक मात्र अजूनही विक्रेत्याला स्टेपनी आहे का, असे विचारतो.