हाड धड, मग दुखते काय?

भंडाऱ्यात माझ्या आजोबांचा टांगा होता. त्यांची घोडी एका पावसाळ्यात पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागली. नाल काढून पाहिली, खूर शेकला, शेवटी नागपूरला नेऊन एक्स-रे काढला. त्यात हाड धड दिसले. घोडी मात्र लंगडतच राहिली. पोटाचा प्रश्न होता, आजोबांनी ती विकली. “हाड धड, मग दुखते काय?” हा त्यांचा प्रश्न माझ्याकडे उरला.

विदर्भात माणूस आणि घोडा यांची सोबत फार जुनी. माहुरझरीच्या महापाषाणकालीन शिलावर्तुळांत घोड्यांची हाडे मिळाली, तसे लोखंडी लगामही. हाडे एवढेच सांगतात की इथे घोडा होता. तो माणसाच्या कामाचा होता, हे लगाम सांगतो. दोन पुरावे शेजारी ठेवले की अर्थ लागतो.

अश्ववैद्यकातील चित्रांचा इतिहासही याच वाटेने गेला. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पण एक्स-रे म्हणजे सावली. खुरातली हाडे तीत एकमेकांवर पडतात. १९७१ मध्ये हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने माणसाच्या मेंदूचे काप दाखवले. पुढे हे तंत्र घोड्याच्या पायापर्यंत आले. एमआरआयने स्नायुबंध दिसू लागले. ही सारी चित्रे मुख्यतः रचनेची. हाडात आत्ता काय घडते आहे, हे कळायला शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देतात. जिथे हाडाची झीज-भर जोरात, तिथे ते अधिक साठते. पेट स्कॅनमध्ये तो ठिपका उजळतो, पण नेमक्या कोणत्या कंगोऱ्यावर, हे पुरते उमगत नाही. म्हणून त्याच पायाचे सीटी चित्र घेऊन, हाडांच्या कडा जुळवून, एकावर दुसरे बसवतात. एक जागा दाखवते, दुसरे हालचाल.

कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाने घोड्यांसाठी पेट स्कॅन वापरात आणला. आरंभी घोड्याला भूल द्यावी लागे. पाचशे किलोच्या जनावराला भुलीतून उठताना पाय मोडण्याचा धोका असतो. सांता अनिता शर्यत-मैदानावर अनेक घोडे दगावल्यानंतर, २०१९ च्या अखेरीस, उभ्या घोड्याचा पाय तपासणारे यंत्र तिथे बसले.

शर्यतीच्या घोड्यासाठी यंत्र आले. टांग्याच्या घोडीसाठी कोण आणणार होते? तिला काय दुखत होते, हे आता कळायचे नाही. आजोबांना एवढेच सांगायचे राहिले: चित्र खोटे नव्हते, ते एकटे होते.