मेंदीवर बंदी: ग्रॅनडा, १५६७

आजचा विषय मेंदी. पण लग्नाच्या हॉलऐवजी आज आपल्याला जायचंय थेट कोर्टात.

मेंदीचं झुडूप तुम्ही कुठेतरी कुंपणाला पाहिलं असेल. पानांचा रंग सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्या बारीक पांढरट फुलांना काय घमघमाट असतो! गुलहिना अत्तर त्यांचंच. पानांत लॉसोन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेतल्या आणि केसांतल्या केराटिनला घट्ट धरून बसतं, म्हणून रंग लगेच धुऊन जात नाही.

आता स्पेन. १४९२ मध्ये ग्रॅनडाचं मुस्लिम राज्य संपलं. पुढे तिथल्या मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. त्यांना म्हणायचे मोरिस्को. धर्म बदलला, तरी घरातल्या सवयी राहिल्या: अरबी बोलणं, हमामात न्हाणं, हाता-केसांना मेंदी लावणं. १ जानेवारी १५६७ ला राजा दुसरा फिलिप याचं फर्मान ग्रॅनडात जाहीर झालं. भाषा, पोशाख, हमाम आणि बायकांची मेंदी, सगळं बंद!

फ्रान्सिस्को नुन्येझ मुले नावाच्या एका वयस्कर मोरिस्को सरदाराने ग्रॅनडाच्या न्यायालयाच्या अध्यक्षांकडे लेखी अर्ज केला. मेंदीबद्दल त्याचं म्हणणं साधं होतं. हा धर्मविधी नाहीच. बायका डोकं स्वच्छ राहावं, तब्येतीला बरं म्हणून ती लावतात. केस रंगवायचे असले तर वर मायफळ लावतात, जसे इतर लोकही केस रंगवतात. म्हणजे थोडं औषध, थोडं नटणं. बस.

मला हा अर्ज फार आवडतो. कोड रिव्ह्यूमध्ये आम्ही आधी विचारतो, ही ओळ नक्की करते काय? मुलेने मेंदीबद्दल तेच विचारलं. सरकार मात्र एवढंच बघत होतं, की ही लावतं कोण?

अर्ज वाया गेला. डिसेंबर १५६८ मध्ये आल्पुहाराच्या डोंगरांत बंड पेटलं, ते १५७१ पर्यंत चाललं. पुढे १६०९ ते १६१४ दरम्यान सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनबाहेर काढलं. बरेचजण उत्तर आफ्रिकेत गेले. तिथे मेंदी लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

स्पॅनिशमध्ये मेंदीसाठी ‘आलेन्या’ हा शब्द आहे, अरबी ‘अल-हिन्ना’वरून आलेला. बायकांच्या हातावरची मेंदी फर्मानाने बंद केली, पण स्पॅनिश भाषेतला हा शब्द काही पुसला गेला नाही.