नासिकासंधानाची विद्या व पुण्याचा एक शस्त्रवैद्य

नाक म्हणजे अब्रू, ही समजूत आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की, नाक कापले जाणे व लाज जाणे यांत आपण भेद करीत नाही. शत्रूचे वा अपराध्याचे नाक पूर्वी कापीत ते ह्याच हेतूने. परंतु ज्या भूमीत नाके कापली गेली, तेथेच ती पुन्हा घडविण्याची विद्याही वाढीस लागली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, पानाच्या मापाने गालाची त्वचा घेऊन नाक सांधण्याची रीत सांगितली आहे.

ही विद्या केवळ ग्रंथांत राहिली नव्हती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा इसम १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या ज्ञातीतील एका शस्त्रवैद्याने त्याला नवे नाक करून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचा आकार घ्यावयाचा, तो पत्रा कपाळावर पसरून भोवती रेघ आखावयाची, तेवढी त्वचा सोडवून खाली वळवावयाची व नाकाच्या जागी बसवावयाची. वर पाण्यात कालविलेला कात फडक्यांवर पसरून लावावयाचा. दोन डोळ्यांमधील चिंचोळी पट्टी मात्र पंचविसाव्या दिवसापर्यंत तोडावयाची नाही. सारे मर्म ह्यातच आहे. त्वचा नव्या जागी रुजेपर्यंत तिला रक्त मिळते ते त्या पट्टीतूनच.

हा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासह छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू ह्या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनला त्या रीतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ साली तीवर ग्रंथ लिहिला. नाकाचा शेंडा केवळ सौंदर्यासाठी घडविण्याचे शास्त्र पुढे युरोपात वाढले. परंतु कर्करोगाने वा अपघाताने शेंडा गेला असता आजही कपाळाचीच त्वचा उपयोगी पडते.

त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे, अशी शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत. चित्रकार जेम्स वेल्स ह्याचेही नाव इतिहासास ठाऊक आहे. नाही ते ज्याच्या हातांनी नाक घडले त्याचे. त्याची विद्या जगभर गेली आणि तो स्वतः केवळ ज्ञातीच्या नावाने उरला. आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांपाशी असे कितीतरी कसब अजून आहे. ते त्यांच्या नावानिशी लिहून ठेवावे, एवढीच आम्ही आमच्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती करतो.