शिलेदाराची शेवटची दौड

मराठी घोडदळाची अखेर केव्हा झाली असे विचारले, तर आपण सातारकर-सांगलीकर आष्टीचे नाव घेतो. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तेथे बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. हे उत्तर खोटे नव्हे, अपुरे आहे. स्वार हरला, त्याची पद्धत मात्र पुढे शंभर वर्षे जगली, आणि तीही त्याला हरविणाऱ्यांच्याच फौजेत!

ही पद्धत म्हणजे शिलेदारी. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार घोडा नि हत्यार घरचे घेऊन चाकरीस येई. घोडा मेला की शिलेदाराचे भांडवलच बुडाले. तेव्हा ऐन लढाईत त्याचे अर्धे लक्ष शत्रूकडे नि अर्धे घोड्याकडे राहिले, तर त्यात नवल कसले? शिवछत्रपतींनी पागेवर भर दिला तो उगीच नव्हे. इंग्रजांना मात्र शिलेदारीच सोयीची वाटली, कारण ती स्वस्त पडे. नवा स्वार घोडा व सरंजाम यांसाठी 'असामी'ची रक्कम भरी. रिसाल्यात 'चंदा' जमे, त्यातून मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा येई. सरकारने पगार नि बंदुका तेवढ्या पुरवायच्या.

पुणे हॉर्स हा नामांकित रिसाला १८१७ च्या पुणे तहातून निघाला. त्याच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला तो पेशव्यांनीच! पण पुढे इंग्रजांनी लढाऊ जातींचा सिद्धांत काढला आणि भरतीचा ओघ उत्तरेकडे वळविला. १९१४ साली हा रिसाला फ्रान्सला निघाला तेव्हा त्याच्या खोगिरांवर राठोड नि कायमखानी बसले होते. नाव तेवढे पुण्याचे उरले. इकडे सांगलीकर पटवर्धनांसारख्या जहागीरदारांची घोडेस्वारांची चाकरीही तहनाम्यांनी आधी घटली, मग रोकड्यावर आली. कृष्णाकाठचा नि माणदेशचा गडी सैन्यात गेला तो पायदळात, मराठा पलटणींत.

या पालटाचे सर्वांत कठोर चित्र मेसोपोटेमियातील कुत येथे दिसते. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे पुणे डिव्हिजन तेथे वेढ्यात अडकले होते. त्यात मराठा पलटणीही होत्या. धान्य आटले तेव्हा घोडे नि खेचरे कापण्यात आली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून परवानगी आणवली, तरी कित्येकांचा हात पुढे होईना. धर्मबंधन हे त्याचे कारण खरेच. पण ज्याच्या घराण्यात दसऱ्याला घोड्याची पूजा होई, त्याला ते ताट कसे दिसले असेल, याचा विचार आपण केलाच पाहिजे.

घोड्यावरचे युद्ध मात्र तेव्हाही संपले नव्हते. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणांगणात डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून हाय वूडकडे दौडले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर नि म्हैसूरच्या स्वारांनी तोफा व मशिनगनांच्या तोंडावर जाऊन हैफा घेतले. मेजर दलपतसिंह शेखावत तेथे पडले. शिलेदारीचा हिशेब मात्र याच युद्धाने चुकता केला. परमुलखात रोज मरणाऱ्या घोड्यांची भरपाई चंद्यातून होणार कशी? युद्ध संपले, आणि १९२१ च्या सुमारास ही पद्धतही मोडीत निघाली. दुसऱ्या महायुद्धात पुणे हॉर्सचे घोडे जाऊन मोटारी नि रणगाडे आले. १९६५ साली त्याच रिसाल्याचे लेफ्टनंट कर्नल तारापोर रणगाड्यावरून लढत धारातीर्थी पडले. रणगाड्यातला जवान आजही 'सवार' म्हणवतो नि त्याचा वरिष्ठ 'दफेदार', हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थानी घोडदळे एकत्र करून १९५३ साली घोड्यावरचाच एक रिसाला उभा करण्यात आला. तो एकसष्टावी कॅव्हलरी या नावाने ओळखला जातो. त्यात जी पथके विलीन झाली, त्यांत एक ग्वाल्हेरचे होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड, आपल्या कोरेगाव तालुक्यातले.